शिलकेचा धनी

सांताक्रूझ स्थानकातून पूर्वेस उतरून वाकोल्याच्या दिशेने निघालेल्या मनुष्यास जवाहरलाल नेहरू मार्गावर एका सहकारी बँकेचे उंच मुख्यालय लागते. एसव्हीसी या आद्याक्षरांनी ती बँक आज ओळखली जात असली, तरी शामराव विठ्ठल सहकारी बँक हे तिचे जन्मनाव होय. आणि सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा या देशात होऊन पुरती तीन वर्षेही लोटली नव्हती अशा काळी, २७ डिसेंबर १९०६ रोजी, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी आपल्या चित्रापूर सारस्वत ज्ञातीतील अल्प मिळकतीच्या कुटुंबांना आधार व्हावा म्हणून ती स्थापन केली, आणि तिला नाव दिले ते आपल्या गुरुस्थानी असलेल्या शामराव विठ्ठल कैकिणी यांचे. याच तालमकींनी पुढे १९१५ साली गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवून, भाडेकरूंनीच एकत्र येऊन आपल्या घरांचे मालक व्हावे ही कल्पना या देशात प्रथम प्रत्यक्षात आणली. त्याही आधी, १८८९ साली, बडोद्यास विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी अन्योन्य सहायकारी मंडळी उभी केली होती, आणि तेव्हा तर पाठीशी कायदाही नव्हता.

हा पूर्वेतिहास आज उकरण्याचे कारण असे की, सामाजिक उद्योजकता हा विषय अलीकडे आपल्या विद्यापीठांत, व्यवस्थापनाच्या संस्थांत आणि तरुणांच्या स्पर्धांत मोठ्या उत्साहाने शिकवला जात आहे, आणि तो जणू कालच परदेशातून बोटीने येऊन बंदरात उतरला असावा अशा थाटात शिकवला जात आहे. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल येथील विणकरांनी उघडलेले दुकान, १९७६ पासून बांगलादेशातील जोब्रा गावी मुहम्मद युनूस यांनी चालवलेला आणि १९८३ साली ग्रामीण बँकेच्या रूपाने पूर्णत्वास गेलेला प्रयोग, यांविषयी मला नितांत आदर आहे, व ते विद्यार्थ्यांस सांगितलेच पाहिजेत. परंतु कलिन्याच्या विद्यापीठात किंवा जुहू तारा मार्गावरील महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाच्या आवारात बसून जो हा विषय शिकतो, त्याला दक्षिणेस बांद्र्याला श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेचे कार्यालय आहे, उत्तरेस इर्ल्याला खादी व ग्रामोद्योग आयोगाचे मुख्यालय आहे, आणि मध्ये वाकोल्याला तालमकींची बँक आहे, ही गोष्ट कोणी आवर्जून सांगत नाही, याचा मात्र मला विषाद वाटतो. घटकाभराच्या अंतरावर असलेली ही तीन ठिकाणे म्हणजे या विषयाचे चालते-बोलते दप्तर आहे.

प्रथम विषयाची मूलतत्त्वे पाहू. धर्मादाय संस्था देणगीवर चालते व दरवर्षी नव्याने हात पसरते; व्यापारी पेढी माल विकते आणि होणारा नफा धन्याच्या घरी नेते. या दोहोंच्या दरम्यान तिसरा एक प्रकार संभवतो, तो असा की, संस्थेने एखादी वस्तू किंवा सेवा रास्त किमतीस विकावी, त्या विक्रीतूनच आपला खर्च भागवावा, दात्याच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, आणि तरीही तिच्या सर्व खटाटोपाचे प्रयोजन कोणत्या तरी सामाजिक उणिवेचे निवारण हेच असावे. विधवेला घरबसल्या काम, कष्टकऱ्याला सावकाराच्या कचाट्यातून सुटका, अपंगाला स्वकष्टाची भाकरी, खेड्याला स्वच्छ पाणी, असे ते प्रयोजन काहीही असू शकेल. सामाजिक उद्यम म्हणतात तो हा, आणि इथवर सर्वांचे एकमत आहे. मतभेदाला आरंभ होतो तो पुढच्या प्रश्नापाशी: अमुक उद्यम खरोखरच सामाजिक आहे हे ओळखायचे कशावरून?

प्रचलित उत्तर असे की, उद्देशावरून ओळखावे. उद्देश उदात्त असला, त्याचे निवेदन हृदयस्पर्शी असले, किती लोकांचे जीवन सुधारले याचे आकडे अहवालात दिलेले असले, की उद्यम सामाजिक ठरला. मला हे उत्तर अपुरे वाटते, किंबहुना धोक्याचे वाटते. कारण उद्देश हा संस्थेच्या घटनेच्या पहिल्या कलमात लिहिलेला असतो, आणि पहिले कलम सर्वांचेच सुंदर असते. संस्थेची खरी परीक्षा तिच्या जमाखर्चात होते. वर्षाअखेर खर्च वजा जाता जी शिलक उरते तिचा धनी कोण, तिची वाटणी ठरवताना कोणाचे मत मोजले जाते, आणि उद्या संस्था मोडली तर जागा, यंत्रे व गंगाजळी कोणाच्या पदरात पडतील, एवढे विचारावे म्हणजे उद्देशाची पाने उलटण्याची फारशी आवश्यकता उरत नाही.

आपल्याकडच्या कायद्यांनी या प्रश्नांची उत्तरे फार पूर्वीच देऊन ठेवलेली आहेत, आणि नव्या उद्योजकाने नोंदणीच्या कचेरीत जाण्यापूर्वी ती वाचावीत. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्याखाली नोंदलेल्या न्यासात शिलक कोणालाच वाटता येत नाही, विश्वस्तांना तर मुळीच नाही. पण निर्णयही विश्वस्तांचाच चालतो, ज्यांच्यासाठी न्यास आहे त्यांचा नव्हे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावाच लागतो, सर्वसाधारणपणे पंधरा टक्क्यांहून अधिक लाभांश देता येत नाही, आणि एक भाग घेणाऱ्यालाही शंभर भाग घेणाऱ्याइतकेच, म्हणजे एकच मत असते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील कंपनीला व्यवहार कंपनीसारखा करता येतो, परंतु लाभांश वाटता येत नाही, आणि विसर्जनाच्या वेळी मालमत्ता भागधारकांच्या घरी जात नाही. साधी खाजगी कंपनी काढली तर मात्र यांपैकी एकही बंधन उरत नाही. तिथे सर्व भरवसा संस्थापकाच्या सद्‌बुद्धीवर, आणि सद्‌बुद्धी वारसाहक्काने मिळत नाही. नोंदणीचे स्वरूप ही सनदी लेखापालाकडे सोपवण्याची किरकोळ बाब आहे असे समजणाऱ्या तरुणांना माझे सांगणे आहे की, सामाजिक उद्यमाचा अर्धा आत्मा तिथेच घडतो किंवा बिघडतो.

आता लिज्जतची हकीकत पाहू. ती पुष्कळदा सांगितली जाते, पण तिच्यातील जो भाग खरा शिकण्याजोगा आहे तो बहुधा गाळून सांगितली जाते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका जुन्या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी जमल्या. त्यांत जसवंतीबेन जमनादास पोपट होत्या, ज्यांना पुढे बासष्ट वर्षांनी, २०२१ साली, पद्मश्री मिळाली. हाताशी भांडवल म्हणजे छगनलाल करमशी पारेख, ज्यांना सर्वजण छगनबाप्पा म्हणत, त्यांच्याकडून उसने घेतलेले ऐंशी रुपये. त्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी बायांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड पसरले, खाली स्टोव्ह पेटवला, आणि पाऊस पडत असताही पापड वाळवून काढले. गृहिणीच्या बुद्धीचा हा नमुना मला कोणत्याही व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

परंतु त्या आरंभीच्या दिवसांतली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची घटना निराळीच आहे. बाया प्रथम दोन प्रतींचे पापड करीत असत, एक चांगल्या प्रतीचा आणि एक उणा, स्वस्त विकण्यासाठी. छगनबाप्पांनी ते थांबवले. एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा, हिशेब चोख लिहा, हा धंदा आहे असे समजून चालवा, आणि तोटा आला तरी देणगी मागू नका, अशी त्यांची शिकवण होती. दान मागायचे नाही, या एका निर्बंधाने त्या बायांना आश्रितांच्या पंक्तीतून उठवून विक्रेत्यांच्या पंक्तीत बसवले. ज्या संस्थेला देणगीची मुभा असते तिच्या मालात हळूहळू करुणेची भेसळ होऊ लागते. घेणारा वस्तूची पारख करीत नाही, पुण्य विकत घेतो, आणि करणारणीलाही ते कळत असते. शाळेच्या जत्रेत, कचेरीच्या प्रदर्शनात मांडलेल्या मेणबत्त्या आणि कापडी पिशव्या आपण ज्या भावनेने घेतो आणि घरी नेऊन ज्या कपाटात टाकतो, त्याचा विचार केला तर छगनबाप्पांची दूरदृष्टी ध्यानात येईल. लिज्जतचा पापड कोणी दयेपोटी विकत घेत नाही.

कामाची पद्धतही जवळून पाहण्यासारखी आहे. पहाटे संस्थेची छोटी बस बहिणींना घेऊन केंद्रावर येते. तेथे उडदाचे पीठ, मिरे, हिंग आणि पापडखार घालून मळलेली कणीक तयार असते. हा मसाला मध्यवर्ती ठिकाणाहून येतो. उडीद ब्रह्मदेशातला, हिंग अफगाणिस्तानचा, मिरे केरळचे, जेणेकरून कोणत्याही शाखेचा पापड चवीत दुसरीपेक्षा वेगळा पडू नये. बहीण आदल्या दिवशीचे वाळलेले पापड जमा करते, त्यांचे वजन होते, व्यास आणि जाडी तपासली जाते, कणकेतील पाण्याचा अंश उडून जाईल एवढी घट हिशेबात धरली जाते, आणि लाटणावळ, जिला तेथे वणाई म्हणतात, पदरात पडते. मग नव्या दिवसाची कणीक डब्यात घेऊन ती घरी परतते. घरी लाट्या होतात, पोळपाटावर पापड लाटले जातात, आणि पालथ्या घातलेल्या बांबूच्या टोपल्यांवर ते वाळत टाकले जातात. ज्या बहिणीच्या घरी वाळवणाला स्वच्छ जागा नाही तिला केंद्रातच पीठ मळण्याचे, तपासणीचे वा बांधणीचे काम मिळू शकते.

हे झाले मजुरीचे. संस्थेचे वैशिष्ट्य मजुरीपलीकडे आहे. प्रत्येक काम करणारी बहीण ही सभासद, आणि सभासद म्हणजे मालकीण. वर्षाकाठी शाखेला जो नफा होतो तो शाखेतील बहिणींत समान वाटला जातो. जुनी-नवी, संचालिका-लाटणारी असा भेद वाटणीत केला जात नाही, आणि कित्येकदा ही वाटणी सोन्याच्या नाण्याच्या रूपाने होते. कारभार एकवीस बहिणींची व्यवस्थापन समिती पाहते, निर्णय एकमताने व्हावेत असा दंडक आहे, आणि एखाद्या बहिणीचा आक्षेप असला तर तो ऐकून घ्यावाच लागतो. पुरुष तेथे हिशेबनीस म्हणून, चालक म्हणून पगारी नोकरी करू शकतो. सभासद होऊ शकत नाही. आज सुमारे पंचेचाळीस हजार बहिणी या व्यवस्थेत आहेत.

येथे सरकारचा हात कोठे लागला तेही सांगितले पाहिजे, कारण सामाजिक उद्यम हा सरकारला सर्वस्वी पारखा असतो अशी एक गैरसमजूत आहे. १९६६ साली संस्थेची सोसायट्यांच्या १८६० च्या कायद्याखाली नोंदणी झाली. छगनबाप्पांनी संस्थेची गाठ खादी व ग्रामोद्योग आयोगाचे तत्कालीन अध्यक्ष उच्छरंगराय ढेबर यांच्याशी घालून दिली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आयोगाने पापडाचा धंदा कडधान्य-प्रक्रियेच्या ग्रामोद्योगात गणून आठ लाख रुपयांचे खेळते भांडवल मंजूर केले. सात वर्षे स्वतःच्या पायावर चालून दाखवल्यानंतर मिळालेली ही मदत होती. तिने संस्था वाढली, परंतु तिच्यामुळे संस्था जन्मली नाही, आणि मदत देणाऱ्या आयोगाने संस्थेच्या वाटणीच्या नियमांना हात लावला नाही. सरकारने सामाजिक उद्यमाशी कसे वागावे याचा याहून शुद्ध पाठ मला ठाऊक नाही.

लिज्जतची स्तुती करताना तिच्या मर्यादा झाकून ठेवणे उचित नव्हे. घरात लाटण्याचे काम म्हणजे घरभाडे, दिवा, पाणी आणि पाठीचा कणा बाईचा, हे खरेच आहे. कामाच्या नगांवर मिळणाऱ्या मजुरीने आजारपणाच्या दिवशी चूल पेटत नाही, हेही खरे. सहकारी चळवळीविषयी तर याहून कठोर बोलणे भाग आहे. एका माणसास एक मत हा तिचा प्राण. पण महाराष्ट्रातील कित्येक साखर कारखान्यांत आणि जिल्हा बँकांत ते मत गावच्या पुढाऱ्याच्या खिशात गेले, सर्वसाधारण सभा चहापानापुरत्या उरल्या, आणि कागदोपत्री मालक असलेला शेतकरी स्वतःच्याच कारखान्याच्या दारात बिलासाठी तिष्ठत बसला. तालमकींची संस्था आरंभी एका ज्ञातीपुरती होती. ज्ञातीच्या विश्वासावर उभ्या राहणाऱ्या संस्थेत ज्याची ज्ञातच दुर्बळ त्याने कोठे जावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. त्यामुळे जुने तेवढे सोने असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. माझे म्हणणे एवढेच की, या संस्थांत दोष शिरला तो शिलक आणि मत या दोहोंवरचा सभासदाचा ताबा जेथे सुटला तेथे शिरला, आणि म्हणून नव्या प्रकारच्या उद्यमांनी तो ताबा अधिक घट्ट बांधून घेण्याची तजवीज करावयास हवी होती. प्रत्यक्षात उलट दिशेने पावले पडत आहेत.

वाकोल्यापासून फार लांब नाही अशा बांद्रा-कुर्ला संकुलात सेबीची आणि राष्ट्रीय शेअर बाजाराची मुख्यालये आहेत. २०१९ च्या अर्थसंकल्पात घोषणा होऊन, २०२२ च्या जुलैत नियम निघून, सोशल स्टॉक एक्स्चेंज नावाचा एक विभाग तेथे सुरू झाला. सामाजिक संस्थांना जनतेकडून उघडपणे निधी उभारता यावा, त्यांच्या कामाचे मोजमाप व्हावे, हा त्यामागील हेतू स्तुत्य आहे. शून्य व्याज आणि मुद्दलाचीही परतफेड नाही असा रोखा त्यासाठी निर्माण करण्यात आला. स्पष्ट बोलायचे तर देणगीला बाजाराची शिस्त लावण्याचा तो प्रयत्न आहे. परंतु सामाजिक उद्यम कोणास म्हणावे याची जी व्याख्या तेथे केलेली आहे, ती पाहता माझी शंका दूर होत नाही. संस्थेचे सदुसष्ट टक्के कार्य, मग ते उत्पन्नाने मोजा, खर्चाने मोजा किंवा लाभार्थींच्या संख्येने मोजा, ठरवून दिलेल्या सामाजिक क्षेत्रांत आणि वंचित घटकांसाठी असावे, असा दंडक आहे. वर्षाला परिणामाचा अहवालही द्यावा लागतो. नफा कमावणारी कंपनीही या व्याख्येत बसू शकते. मात्र त्या कंपनीने नफ्यातील किती भाग भांडवलदारांस द्यावा, ज्यांच्यासाठी ती चालते त्यांना कारभारात मत असावे की नाही, याविषयी ती व्याख्या काही सांगत नाही.

ही पोकळी काय करू शकते, हे आपण पाहिलेले आहे. आंध्रातील एसकेएस ही सूक्ष्मकर्जे देणारी संस्था १९९७ साली विनानफा तत्त्वावर सुरू झाली, पुढे बँकेतर वित्तीय कंपनी झाली, आणि ऑगस्ट २०१० मध्ये तिचे भाग मोठ्या अधिमूल्याने बाजारात विकले गेले. कर्ज घेणाऱ्या त्याच गरीब बाया, तोच सामाजिक उद्देश, पण शिलकेचे धनी बदलले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, या क्षेत्रातील वसुलीच्या जाचाविषयी इतका आक्रोश झाला की आंध्र सरकारला वटहुकूम काढावा लागला, आणि पाहता पाहता त्या राज्यातील सूक्ष्मकर्जाचा व्यवहारच कोलमडला. कोण्या एका व्यक्तीच्या दुष्टपणाने हे घडले असे मी म्हणत नाही. ज्या भांडवलाला दर तिमाहीस वाढ दाखवावी लागते, त्याचा भार अखेर हप्ता भरणाऱ्या बाईवरच येऊन पडतो. तो अडवण्यासाठी घटनेत बांध घातलेला नसेल, तर उद्देशाचे कलम त्याला अडवू शकत नाही.

याच्या नेमके उलट उदाहरण साताऱ्याच्या माण तालुक्यात आहे. म्हसवडच्या बायांची बँक काढण्यासाठी चेतना सिन्हा यांनी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक बायांच्या सह्यांच्या जागी अंगठे पाहून तो नामंजूर झाला. बाया लिहावाचायला शिकल्या, मुंबईला आल्या, आणि साहेबांना म्हणाल्या की आमच्याशी व्याजाच्या हिशेबाची पैज लावा, तुम्हीही यंत्र वापरू नका. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. मुंबईतच, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्या बायांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी-कामगारांना उधारीवर जेवू घालणाऱ्या आणि त्यासाठी सावकाराकडे भांडी गहाण टाकणाऱ्या त्या बाया होत्या. राष्ट्रीयीकरण झालेल्या बँकेच्या दारात त्यांना नेऊन, परस्परांच्या जामिनावर कर्ज मिळवून देण्याचे काम पुरवबाईंनी केले. १९८२ च्या संपाने गिरण्या थंडावल्या आणि जेवणारेच पांगले, तरी मंडळ टिकले. या दोन्ही ठिकाणी प्रथम बायांचा अधिकार प्रस्थापित झाला आणि भांडवल मागून आले, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता सांताक्रूझपुरते बोलतो, कारण उपदेश जितका दूरचा तितका स्वस्त असतो. या उपनगराच्या पूर्वेस गोळीबार, वाकोला, कलिना आणि पश्चिमेस खोतवाडी या वस्त्यांतील सहस्रावधी बाया आजही घरी बसून काम करतात. कोणी चपात्या लाटते, कोणी डबे भरते, कोणी कपड्यांचे धागे कापते, कोणी कचऱ्यातून प्लास्टिक वेचते. त्यांच्यात कौशल्याचा दुष्काळ नाही, बचतगटही पुष्कळ आहेत. त्यांना नडतात त्या दोन गोष्टी: जागा आणि खात्रीचे गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक म्हणून सर्वांत मोठे महानगरपालिकाच आहे. तिच्या शाळांतील खिचडी, तिच्या दवाखान्यांतील रुग्णांचे जेवण, तिच्या कचेऱ्यांतील उपाहारगृहे, गणवेशांची शिलाई, ही सारी कामे स्थानिक बायांच्या सभासद-संस्था करू शकतात, आणि खिचडीच्या बाबतीत काही प्रमाणात करतातही. परंतु जेथे निविदेत मोठी अनामत रक्कम, मागील वर्षांच्या मोठ्या उलाढालीचा दाखला अशा अटी घातल्या जातात, तेथे वीस बायांचा गट दारातूनच परत फिरतो, आणि मग कंत्राटदार त्याच बायांना रोजंदारीवर ठेवून तेच काम करून घेतो. केंद्र सरकारने आपल्या खात्यांना व उपक्रमांना खरेदीचा पंचवीस टक्के भाग लघुउद्योगांकडून आणि त्या पंचवीसांपैकी तीन टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून घेण्याचे बंधन घातलेले आहे. महानगरपालिकेने त्याच्याही पुढे जाऊन, ज्या संस्थेत काम करणारेच मालक आहेत आणि शिलक त्यांच्यातच वाटली जाते, अशा संस्थांसाठी प्रत्येक विभागात काही कामे राखून ठेवावीत. देयके थकवण्याची आपल्या कचेऱ्यांची वहिवाट तर तत्काळ मोडली पाहिजे. २००६ च्या कायद्याने लघुउद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करणे बंधनकारक आहे, न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. पण ज्या गटाला पुढच्या वर्षीही तेच काम हवे असते तो गट व्याज मागावयास धजत नाही. म्हणून ते व्याज मागणीविना आपोआप जमा होण्याची तरतूद करणे अगत्याचे आहे.

प्राप्तिकराच्या कायद्याचेही एक टोक येथे बोचते. सार्वजनिक हिताच्या सर्वसाधारण उद्देशासाठी चालणाऱ्या न्यासाने व्यापारातून एकूण प्राप्तीच्या वीस टक्क्यांहून अधिक मिळवले, तर त्याची करमाफी धोक्यात येते, असे धोरण आहे. धर्मादायाच्या आडून धंदा करणाऱ्यांना आळा घालणे यामागचा हेतू मला मान्य आहे. परंतु त्यामुळे जो न्यास देणगीवर जगतो तो सुरक्षित, आणि जो आपल्या कमाईवर उभा राहू पाहतो तो संशयित, अशी विपरीत स्थिती निर्माण होते. कमाई किती यापेक्षा कमाईची वाटणी कशी, हा निकष लावला तर लबाड आणि प्रामाणिक यांची निवड अधिक बिनचूक होईल.

उरला जागेचा प्रश्न. दहा बाय बाराच्या खोलीत, जेथे पाच माणसे झोपतात आणि एका कोपऱ्यात मुलाचा अभ्यास चालतो, तेथे पन्नास डब्यांचा स्वयंपाक किंवा टोपलीभर वाळवण कसे व्हावे? आता गोळीबार-वाकोल्याच्या झोपड्यांच्या जागी पुनर्वसनाच्या इमारती उठत आहेत, आणि तेथे तर अंगणही नाही, ओटाही नाही. परंतु झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत प्रत्येक प्रकल्पात बालवाडी आणि कल्याणकेंद्र यांसाठी जागा ठेवण्याची तरतूद आहे, आणि मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्याच्या नियमावलीत स्त्रियांच्या उद्योजकता केंद्राचाही स्पष्ट उल्लेख आहे. या खोल्या कागदावर आहेत. प्रभात कॉलनीतील एच-पूर्व विभागाच्या कचेरीने आणि पुनर्वसन प्राधिकरणाने मिळून आपल्या हद्दीतील अशा प्रत्येक खोलीची फर्द तयार करावी, तिला कुलूप आहे की तिच्यात कोणाचे सामान पडले आहे हे त्यात नमूद करावे, ती फर्द विभाग कचेरीच्या फलकावर लावावी, आणि त्या खोल्या नाममात्र भाड्याने त्याच इमारतींतील बायांच्या सभासद-संस्थांना पाच-पाच वर्षांच्या कराराने द्याव्यात. करारात अट एकच असावी: दर सहा महिन्यांनी सर्व बायांना एकत्र बसवून जमाखर्चाची वही मोठ्याने वाचून दाखवली जाईल, आणि वाटणीचा ठराव त्यांच्या सह्यांनी होईल.